दुखणं कुणाच्या शब्दांत लिहायचं?



या व्याख्यानमालेत आजवर संतसाहित्यावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागातल्या मराठीवर बोलणारी जाणकार मंडळी येऊन गेली. यंदा कार्यवाहांनी एका होमिओपॅथी डॉक्टरला बोलावलं आणि ‘बदलता वैद्यकीय व्यवसाय’ हा विषय दिला. मी पदवीनं बी.एच.एम.एस. आणि व्यवसायानं गल्लीतला डॉक्टर. साहित्यावर बोलण्याचा अधिकार मला नाही. पण गेली अडतीस वर्षं मी मुख्यतः एकच काम केलं आहे. माणसं आपलं दुखणं सांगतात, ते ऐकून लिहून घ्यायचं. म्हणून आजचा विषय मी दुखण्याच्या भाषेच्या बाजूनं मांडणार आहे. तो तुमच्या घराशी कसा जोडलेला आहे, हे बोलता बोलता स्पष्ट होईल.

आधी बदल काय झाला ते थोडक्यात सांगतो. १९८७ साली मी बेळगावात दवाखाना उघडला तेव्हा माझ्याकडे एक टेबल, औषधांचं कपाट, केंटची जाडजूड रेपर्टरी आणि लांब वह्यांचा गठ्ठा होता. रुग्णाची सगळी माहिती त्या वहीत, उरलेली माझ्या डोक्यात. वही वाळवीनं खाल्ली किंवा डॉक्टर वारला, की चाळीस-चाळीस वर्षांचा इतिहास नाहीसा व्हायचा.

२०२० हे वर्ष आपल्याला करोनामुळे आठवतं. आमच्या व्यवसायात ते नव्या नियमांचंही वर्ष ठरलं. २५ मार्चला, देशभर टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी, टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. फोनवरून, व्हिडिओवरून रुग्ण तपासायला रीतसर चौकट मिळाली. पाठोपाठ होमिओपॅथीसाठीही तशी तत्त्वं आली. त्याच वर्षी संसदेनं राष्ट्रीय होमिओपॅथी आयोगाचा कायदा केला आणि १९७३ च्या कायद्यानं जन्मलेली आमची केंद्रीय परिषद इतिहासजमा झाली. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सप्टेंबर २०२१ मध्ये तेच अभियान ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावानं देशभर सुरू झालं. नागरिकाला १४ आकडी ‘आभा’ क्रमांक, डॉक्टरांची एक राष्ट्रीय नोंदणी, दवाखान्यांची दुसरी, आणि रुग्णाच्या संमतीनं एका ठिकाणची नोंद दुसरीकडे पाहता येईल अशी सोय, अशी त्याची रचना आहे. २०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. म्हणजे चारेक वर्षांत वही, वैद्य आणि विश्वास या तिन्ही गोष्टींचे नियम बदलले.

हा बदल मला नकोसा वाटतो, असं कृपया समजू नका. सीमेवर राहणाऱ्या माणसाला त्याचा फायदा सगळ्यांत आधी कळावा. आपल्याकडचा रुग्ण एका दुखण्यासाठी बेळगावात दाखवतो, ऑपरेशनला मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, पाहुणे असतील तर गोव्यात बांबोळीला जातो आणि फेरतपासणीला पुन्हा गावात येतो. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर, नव्यानं रक्त तपासणी. प्लास्टिकच्या पिशवीत रिपोर्टांची चळत घेऊन फिरणारे म्हातारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. २०२३ साली महाराष्ट्र शासनानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्याला कर्नाटक शासनानं हरकत घेतली. त्या वादात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की माणूस सरहद्द ओलांडतो तेव्हा त्याचं दुखणंही ओलांडतं, आणि त्याची नोंद त्याच्याबरोबर गेली तर त्याचा जीव वाचायला मदत होते. पेनिसिलिनची ॲलर्जी कुठल्याही राज्यात सारखीच घातक असते.

माझा प्रश्न पुढचा आहे. ती नोंद कुणाच्या शब्दांत लिहिलेली आहे?

संगणकाला गोष्ट कळत नाही, रकाना कळतो. म्हणून दुखण्याचं वर्गीकरण करून त्याला सांकेतांक द्यावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची यादी आहे, तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून अमलात आली. इंग्लंडपासून भारतापर्यंत सगळ्यांना एकमेकांच्या नोंदी वाचता याव्यात, साथ कुठे पसरते आहे ते दिसावं, यासाठी हे आवश्यकच आहे. पण माणसाचं बोलणं सांकेतांकात बसवताना काय गळतं, हे आम्हा होमिओपॅथांना इतरांपेक्षा आधीपासून माहीत आहे. कारण आम्ही हेच काम दोनशे वर्षं करत आलो आहोत.

ते कसं, ते सांगतो. हानेमान यांनी ‘ऑर्गेनॉन’ या ग्रंथात वैद्याला घालून दिलेला एक नियम असा आहे की रुग्ण बोलत असताना त्याला मध्ये तोडू नये आणि त्यानं वापरलेले शब्द तसेच लिहून घ्यावेत. मात्र नुसत्या लिहिलेल्या पानांवरून औषध शोधणं कठीण. म्हणून १८३२ साली ब्योनिंगहाउझेन यांनी लक्षणांचा कोश केला, त्याला आम्ही रेपर्टरी म्हणतो. १८९७ मध्ये अमेरिकेत केंट यांची मोठी रेपर्टरी आली. तिच्यात दुखण्याचे प्रकार, वेळा, कशानं वाढतं, कशानं थांबतं, यांची हजारो कलमं आहेत. रेपर्टरी म्हणजे आमची सांकेतांकांची यादीच. ती इंग्रजीत, रुग्ण मराठीत, आणि मधल्या पुलावर मी उभा. पूर्वी एका रुग्णासाठी ते पुस्तक उलटसुलट करण्यात तास जायचा. आता संगणकावर दोन मिनिटं लागतात. पण पुलावरचं काम तेवढंच राहिलं आहे, कारण चुकीचं कलम निवडलं तर संगणक चुकीचं उत्तर तेवढ्याच वेगानं देतो.

आमच्या पद्धतीच्या परिणामांबद्दल वैद्यकशास्त्रात मोठा वाद आहे, हे मला ठाऊक आहे. तो आजचा विषय नाही. ऐकून घेण्याची शिस्त मात्र कुठल्याही एका पॅथीच्या मालकीची नाही.

आता आपले शब्द पाहू. पोटात ‘कळ’ येते, ती लाटेसारखी येते आणि ओसरते. गळू ‘ठणकतं’, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखतं. ‘चमक’ क्षणात येऊन जाते. ‘उसण’ भरते ती वाकताना किंवा ओझं उचलताना, आणि माणूस जागीच अडकतो. पोटरीत ‘गोळा’ येतो. तळपायाची ‘आग’ होते, बोटांना ‘मुंग्या’ येतात. ताप यायच्या आधी ‘कसकस’ असते, बारीक ताप असला की ‘कणकण’. आमच्या कन्नड रुग्णांकडेही असेच शब्द आहेत. जळजळीला ते ‘उरी’ म्हणतात, बधिर होऊन मुंग्या आल्या की ‘जोमु’. यातला प्रत्येक शब्द म्हणजे अर्धं निदान असतं. कळ म्हटलं की आतडं, पित्ताशय किंवा मूतखड्याचा विचार येतो. आग आणि मुंग्या म्हटलं की मधुमेहानं बिघडलेल्या मज्जातंतूंचा. नोंदीत मात्र हे सगळे शब्द ‘पेन’ या एका इंग्रजी शब्दाखाली जातात, आणि फार तर पुढे दहापैकी सहा किंवा सात असा आकडा पडतो.

आधुनिक वैद्यकालाही हे अपुरं वाटलं होतं. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातले रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तिच्यात आकडा आहेच, पण वेदनेचं वर्णन करणारे ७८ शब्द वीस गटांत मांडलेले आहेत. रुग्णानं त्यातून आपला शब्द निवडायचा. वेदना किती आहे याइतकंच ती कशी आहे हेही महत्त्वाचं, असं त्यांनी दाखवून दिलं. पण ज्याच्या बाहेर साठ माणसांची रांग आहे, त्या डॉक्टरला इतके शब्द विचारायला वेळ कुठला? तिथे ऑपरेटर पटकन रकाना भरतो आणि पुढचा नंबर पुकारतो.

याची किंमत कशी मोजावी लागते, याचं एक उदाहरण देतो. काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातली एक सत्तरीची आजी नातीबरोबर आली. दोन दिवस आधी दुसरीकडे दाखवलं होतं. छापील चिठ्ठीवर तक्रार ‘ॲसिडिटी’, खाली गोळ्या. नातीनंही मला तेच सांगितलं, “आजीला ॲसिडिटी झालीय.” मी आजीला म्हटलं, “आजी, काय होतंय ते तुम्ही सांगा.” आजी म्हणाली, “दुकत न्हाई हो डॉक्टर, छातीवर पाटा ठिवल्यागत वाटायलंय. चार पावलं चाललं की जबडा धरतोय.” हे आणि आम्लपित्त यांत केवढं अंतर आहे, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको. बायकांमध्ये, वयस्कांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयविकार पुष्कळदा छातीतल्या ठरावीक दुखण्याशिवायच येतो. अशा वेळी साबुदाण्यासारख्या गोळ्या देणं हे माझं काम नव्हे. मी तिला तसंच रिक्षात बसवून ईसीजीला पाठवलं. दुखणं हृदयाचंच निघालं. आजी वाचली.

यात कुणाचा हलगर्जीपणा होता, असं मला म्हणायचं नाही. आजी गावच्या बोलीत बोलली. नातीनं आपल्याला कळलं ते शहरी मराठीत सांगितलं. ऑपरेटरनं ते इंग्रजीत टंकलं. डॉक्टरनं पडद्यावर दिसलं ते वाचलं. चार हातांतून जाताना पाटा गळून पडला. आणि एकदा छापील अक्षरात ‘ॲसिडिटी’ आलं की पुढचा प्रत्येक डॉक्टर तिथूनच सुरुवात करतो. आजीचं मूळ वाक्य कुठेच लिहिलेलं नसल्यामुळे ते कुणाला तपासून पाहताही येत नाही.

आमच्या जैन तत्त्वज्ञानात ‘नय’ नावाची संकल्पना आहे. नय म्हणजे वस्तूकडे एका बाजूनं पाहणं. नय खोटा नसतो, व्यवहार त्याच्याशिवाय चालत नाही. पण ‘हीच संपूर्ण वस्तू, दुसरी बाजूच नाही’ असं म्हटलं की त्याचा दुर्नय होतो. सांकेतांक हा नय आहे. त्याच्याशेजारी रुग्णाचं वाक्य असेल तर तो उपयोगाचा, आणि वाक्य पुसून तो एकटाच उरला तर धोक्याचा.

समाजातलंच दुसरं उदाहरण घ्या. चातुर्मासात आमच्याकडे कित्येक बायका एकासन करतात, दिवसातून एकदाच जेवतात, सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाहीत. त्यांतल्या बऱ्याच जणींना मधुमेह आहे. चिठ्ठीवर छापलेलं असतं, ‘दिवसातून दोन वेळा, जेवणाआधी’. जेवण एकदाच, गोळी मात्र दोनदा. साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या अशा वेळी रक्तातली साखर धोकादायक पातळीवर आणू शकतात. ‘तुम्ही उपास करता का?’ हा रकाना पडद्यावर नसतो. ते विचारावं लागतं. हीच गोष्ट रमजानच्या रोज्यांना लागू आहे, आणि एकादशीलाही.

आता तुमच्या घराकडे येतो. आपण पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणारी मराठी माणसं. बेळगाव असो, हैदराबाद, इंदूर की बडोदा, घरातली म्हातारी माणसं मराठीत दुखतात आणि नातवंडं त्यांचं दुभाषीपण करतात. या नातवंडांचं शिक्षण इंग्रजीत, कन्नडमध्ये किंवा हिंदीत झालेलं. त्यांचा दोष नाही, पण ‘उसण’ म्हणजे काय हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कळत नाही. तो ‘बॅकपेन’ म्हणून मोकळा होतो. शिवाय काही गोष्टी नातवाच्या तोंडून सांगवतच नाहीत. ‘अंग बाहेर येतं’ हे सासू सुनेलाही वर्षानुवर्षं सांगत नाही, ती नातवासमोर काय सांगणार? ती म्हणते, “कंबर दुखते.” आणि नोंद कंबरदुखीची होते.

नव्या व्यवस्थेत संमतीला मोठं स्थान आहे, आणि ते योग्यच आहे. ‘आभा’ काढणं ऐच्छिक आहे, नोंद दुसऱ्याला दाखवायची तर रुग्णाची परवानगी लागते. प्रत्यक्षात ही परवानगी मोबाइलवर आलेल्या ओटीपीनं दिली जाते. मोबाइल मुलाचा. एकाच क्रमांकावर आई, वडील, बायको, सगळ्यांची खाती. म्हणजे आईच्या गर्भाशयाच्या तक्रारीची नोंद कुणी पाहायची, हे मुलगा दुकानात बसून ठरवतो, आणि आईला ते माहीतही नसतं. कायद्यानं हक्क आईला दिला आहे. तो तिच्या हातात पोचवण्याचं काम घराचं आहे.

मग करायचं काय? सरकारकडे काय मागायचं आणि घरी काय करायचं, असे दोन भाग करतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक डिजिटल नोंदीत सांकेतांकाच्या शेजारी रुग्णाचं वाक्य, त्याच्या भाषेत आणि त्याच्या लिपीत, ठेवलं गेलं पाहिजे. हे तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. संगणकावर देवनागरी आणि कन्नड केव्हाच आल्या. केंद्र सरकारनं २०२२ मध्ये ‘भाषिणी’ ही योजना सुरू केली, ती भारतीय भाषांतलं बोलणं ऐकून लिहिणं आणि भाषांतर करणं यासाठीच आहे. डॉक्टर आणि रुग्ण यांचं संभाषण ऐकून टिपण तयार करणारी यंत्रंही आता आली आहेत. ती आजीचा ‘पाटा’ जसाच्या तसा लिहिणार, की परस्पर ‘ॲसिडिटी’ करून टाकणार, हे आपण आज काय मागतो यावर ठरेल. यादीत नसलेले शब्द यादीत येऊच शकत नाहीत, असंही नाही. जानेवारी २०२४ मध्ये जागतिक संघटनेच्या त्या रोगयादीला आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीच्या संज्ञांचा भाग जोडला गेला. होमिओपॅथी त्यात नाही, तरी मला त्याचा आनंद आहे. कुणीतरी चिकाटीनं मागितलं, शब्द गोळा केले, अर्थ ठरवले, तेव्हा ते झालं.

शब्द गोळा करणं हे तर साहित्य मंडळाचंच काम. आपण बोलीभाषेचे कोश करतो, त्यांत शेतीचे शब्द घेतो, लग्नातले घेतो. दुखण्याचे शब्दही घ्या. येळ्ळूरची बाई काय म्हणते, निपाणीची विडी कामगार काय म्हणते, मालवणी बोलणारा काय म्हणतो, ते त्या त्या अर्थासह लिहून ठेवा. आपल्या शहरात परभाषक डॉक्टर पुष्कळ आहेत आणि त्यांतले बहुतेक मनापासून काम करतात. मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी चार पानांची यादी त्यांच्या टेबलावर गेली तर ते आभारच मानतील. अर्थ तपासायला डॉक्टर लागेल, तिथे मी आणि माझे सहकारी येऊ.

घरी करायचं ते आणखी सोपं. म्हाताऱ्या माणसासाठी एक वही ठेवा. पहिल्या पानावर ॲलर्जी, जुनी ऑपरेशनं आणि चालू औषधं. औषधांची नावं वेष्टनावरून जशीच्या तशी उतरवा. पुढच्या पानावर तक्रार, तारीख घालून, त्यांनी उच्चारलेल्या शब्दांत. सुधारू नका, प्रमाण मराठी करू नका, इंग्रजी तर मुळीच करू नका. कधी होतं, कशानं वाढतं, कशानं बरं वाटतं, हे विचारून लिहा. उपास असतील तर तेही. ही वही दवाखान्यात न्या आणि डॉक्टरनं छापून दिलेला कागद तिथेच वाचून घ्या. लिहिलेलं वेगळं असेल तर नम्रपणे सांगा, “आई असं म्हणत नाहीये.” तुमची कागदपत्रं मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. इस्पितळात दाखल केलं असेल, तर मागणी केल्यापासून ७२ तासांत ती द्यावीत, असा ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ पासून नियम आहे. आणि निदान पाच मिनिटं आईला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.

शेवटचं सांगतो तरुण मुलांना, मागच्या रांगांत काही जण दिसताहेत म्हणून. मराठी शिकून काय उपयोग, असं तुम्ही विचारता, आणि आम्ही वडीलधारे ज्ञानेश्वरीचं नाव घेतो. ते खरंच आहे, पण एवढं मोठं उत्तर नेहमी लागत नाही. आज ना उद्या तुम्हाला आजी-आजोबांना घेऊन दवाखान्यात जायचं आहे. त्यांना नेमकं काय होतंय, ते तिथे तुमच्याशिवाय कुणालाच कळणार नसेल. तेवढ्यासाठी तरी त्यांच्याशी रोज मराठीत बोला, आणि ते बोलतील ते नीट ऐका.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा, फक्त औषध विचारू नका. त्यासाठी उद्या सकाळी दवाखान्यात या.

जय जिनेंद्र.